घरातले व्होल्टेज मल्टिमीटरने तपासताना

भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची धरली जाते. सॉकेटमधल्या फेज आणि न्यूट्रल या दोन तारांमधला हा विद्युतदाब. तो स्थिर नसतो. सेकंदाला ५० आवर्तने घेत वर-खाली होतो. २३० हा त्याचा परिणामी (आरएमएस) आकडा आहे. लाट टोकाला पोहोचते तेव्हा दाब ३२५ व्होल्टच्या आसपास असतो, आणि मल्टिमीटरच्या वायरींवरच्या आवरणाला तो क्षणोक्षणी सोसावा लागतो. सॉकेटवर नेमका २३० हा आकडा क्वचितच दिसतो. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमांत लघुदाबाच्या पुरवठ्याला सहा टक्के वर-खाली होण्याची मुभा आहे. म्हणजे ग्राहकाच्या मीटरपाशी साधारण २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान काहीही दिसले तरी ते नियमात बसते.

धुळ्यात पांझरा नदीच्या उत्तरेला पसरलेल्या देवपुरात ही वीज ११ हजार व्होल्टच्या वाहिनीने डीपीपर्यंत येते. डीपी म्हणजे महावितरणच्या कागदांतले वितरण रोहित्र. तिथे दाब उतरतो आणि तीन फेज व एक न्यूट्रल अशा चार तारा गल्लीत निघतात. कोणत्याही दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट, तर एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३०. बहुतेक घरांना एकच फेज मिळतो. डीपीजवळच्या घरात दाब भरपूर असतो. वाडीभोकर रोड किंवा नकाणे रोडकडच्या वसाहतींत लाइन जिथे संपते त्या शेवटच्या खांबावर तो कमी पडण्याची शक्यता जास्त. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर गेला की घरोघरी कूलर दिवसभर चालतात. नळाला पाणी आले की गल्लीतल्या मोटारी एकाच वेळी सुरू होतात, पंखे मंदावतात आणि ‘लाइट डिम आहे’ अशी हाकाटी होते. पहाटे भार उतरल्यावर त्याच सॉकेटमध्ये २४० च्या वर आकडा दिसू शकतो. ज्या गल्लीत बऱ्याच छतांवर सौर पॅनल आहेत तिथे भर दुपारीही दाब चढलेला सापडतो. म्हणून एका वेळी घेतलेल्या एका आकड्यावरून पुरवठ्याची परीक्षा होत नाही.

टेस्टर जे सांगू शकत नाही

घरोघरी असलेला खिशातला टेस्टर व्होल्टेज मोजत नाही. त्याच्या आतला निऑनचा छोटा दिवा एका मोठ्या रोधातून आणि धरणाऱ्याच्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहावर पेटतो. दाब १८० असो वा २६०, तो जवळपास सारखाच दिसतो. रोध खराब झालेला किंवा आत ओल शिरलेला टेस्टर तर थेट शॉक देतो. फेज कुठे आहे याचा अंदाज घेण्यापुरता तो ठीक आहे, वीज नाही याची खात्री करायला नाही.

देवपूरच काय, कुठल्याही जुन्या वस्तीत ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘दोन्ही भोकांत टेस्टर पेटतोय’. घरातल्या वायरिंगमध्ये न्यूट्रल कुठेतरी तुटला आणि पंख्याचे किंवा दिव्याचे बटण चालूच राहिले, की फेज त्या उपकरणातून न्यूट्रलच्या तुटलेल्या भागात उतरतो. आता दोन्ही भोके जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर आहेत. अशा वेळी त्या दोन भोकांत मल्टिमीटर लावला तर तो शून्य किंवा शून्याजवळचा आकडा दाखवतो. मीटर बिघडलेला नाही. दोन्ही तारा सारख्याच दाबावर असल्याने त्यांच्यातला फरक खरोखरच शून्य आहे. ते शून्य पाहून वायरला हात लावणारा मात्र जिवावर उदार होतो. मल्टिमीटरवरचे शून्य हे सगळ्यात जपून वाचण्याचे वाचन आहे, आणि पुढची बरीचशी पद्धत त्या शून्याची खातरजमा करण्यासाठीच आहे.

मीटर कोणता घ्यावा

मल्टिमीटरवर ‘कॅट’ या अक्षरांपुढे रोमन आकड्यांत एक ते चारपैकी वर्ग आणि त्याच्या शेजारी व्होल्ट छापलेले असतात. घरातल्या सॉकेटवर लावायच्या उपकरणांसाठी कॅट दोन, घरातल्या मुख्य बोर्डासाठी कॅट तीन आणि खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरपाशी किंवा वीज मीटरपाशी कॅट चार अशी ही वर्गवारी आहे. वर्ग जितका वरचा तितका तो मीटर वाहिनीवर अचानक उसळणारा दाब अधिक सोसतो. वीज कोसळल्यावर किंवा शेजारची मोठी मोटार बंद झाल्यावर अशा उसळ्या येतात आणि त्या हजारो व्होल्टच्या असू शकतात. घरासाठी कॅट तीन, ६०० व्होल्ट हा मीटर घ्यावा. हाच वर्ग त्याच्या प्रोबवरही छापलेला हवा. चांगल्या मीटरला हलक्या वायरी लावल्या तर त्या जोडीची पात्रता हलक्या वायरीइतकीच राहते.

इलेक्ट्रिकच्या कोणत्याही दुकानात मिळणारा पिवळा स्वस्त मीटर बॅटरीचे सेल, मोबाइलचा चार्जर, गाडीची बॅटरी यांसाठी उपयोगी आहे. तो घरातल्या २३० व्होल्टवर लावणे टाळावे. त्यातल्या अनेकांत १० अँपिअरच्या छिद्रामागे फ्यूजच नसतो आणि आतल्या जोडण्यांमधले अंतरही कमी असते. शिकाऊ माणसाच्या हातात नेमका हाच मीटर असतो, ही यातली खरी अडचण.

प्रोबची टोके शक्यतो शेवटचे तीन-चार मिलिमीटर सोडून प्लॅस्टिकने झाकलेली असावीत. बोटे पुढे सरकू नयेत म्हणून प्रोबवर जी उंच कड असते, तिच्या मागेच हात ठेवायचा. वायरीला चीर, टेप गुंडाळलेली जागा किंवा आतली तांब्याची तार दिसत असेल तर वायर बदलावी. चिकटपट्टी लावून भागवू नये.

डायल, छिद्रे आणि खोटे शून्य

अपघातांचे मूळ अनेकदा सॉकेटमध्ये नसते, मीटरच्या दर्शनी भागावर असते. काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या छिद्रात आणि लाल वायर व्होल्टचे चिन्ह असलेल्या छिद्रात जाते. १० अँपिअरच्या छिद्रात लाल वायर राहून गेली असेल तर मीटर दाब मोजत नाही. तो दोन तारांना जवळपास सरळ जोडतो. सॉकेटमध्ये टेकवताच शॉर्ट सर्किट होते, ठिणगी उडते आणि फ्यूज नसलेला मीटर हातातच फुटू शकतो. आदल्या वेळी कोणीतरी प्रवाह मोजून वायर तशीच ठेवलेली असते. त्यामुळे दर वेळी लाल वायर बोटाने चाचपून, ती कुठे खोचली आहे हे डोळ्यांनी पाहून मगच पुढे जावे.

डायल एसी व्होल्टवर हवा. त्याचे चिन्ह म्हणजे व्होल्टच्या अक्षराजवळची नागमोडी रेघ. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ हे डीसीचे चिन्ह आहे. डीसीवर ठेवून सॉकेट मोजले तर मीटर शून्याच्या आसपास काहीतरी दाखवतो, कारण लाटेची वरची आणि खालची बाजू एकमेकींना खोडते. वीज पूर्ण आहे आणि मीटर म्हणतो काही नाही: हे दुसरे खोटे शून्य. ज्या मीटरमध्ये पल्ला हाताने निवडावा लागतो तिथे सर्वांत मोठा पल्ला घ्यावा, ६०० किंवा ७५० व्होल्टचा. २०० च्या पल्ल्यावर २३० व्होल्ट मावत नाहीत आणि पडद्यावर डाव्या कोपऱ्यात नुसता १ उमटतो. त्याचा अर्थ एक व्होल्ट नव्हे, पल्ला पुरत नाही असा आहे. रोध किंवा बझर यांच्या पल्ल्यावर ठेवून चालू सॉकेटला हात घालू नये. चांगला मीटर सहन करतो, स्वस्त जळतो.

तिसरे खोटे शून्य वायरीचे. वारंवार वाकवून प्रोबच्या मानेशी आतली तार तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. यासाठी मीटर बझरवर ठेवून दोन्ही टोके एकमेकांना टेकवावीत, वायर हलवत ऐकावे. आवाज तुटला तर वायर गेली. पडद्यावर बॅटरीचे चिन्ह आले असेल तर आधी बॅटरी बदलावी, कारण उतरलेल्या बॅटरीवर आकडे भलतेच येतात.

मोजताना

पायात कोरडी रबरी चप्पल किंवा बूट, खाली कोरडी फरशी, हात कोरडे. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढलेले. उजेड पुरेसा हवा. पावसात भिजलेल्या भिंतीवरचा बोर्ड, बाथरूम, कूलरखाली साचलेले पाणी यांजवळ मोजणी करू नये. आकाशात विजा चमकत असतील तर मीटर पेटीतच राहू द्यावा. लहान मुले दूर ठेवावीत, पण घरात दुसरा मोठा माणूस असावा आणि मेन स्विच कुठे आहे हे त्याला आधीच दाखवून ठेवावे.

आपल्याकडच्या तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिले तर वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे. निदान असायला हवे. वायरमनने उलटे जोडलेले सॉकेट दुर्मीळ नाही. बहुतेक सॉकेटला स्वतःचे बटण असते, ही सोय वापरावी. बटण बंद ठेवून काळा प्रोब न्यूट्रलमध्ये आणि मग लाल फेजमध्ये घालावा, बोटे कडेच्या मागे आहेत हे पाहावे, मग दुसऱ्या माणसाने बटण चालू करावे, आकडा वाचावा, बटण बंद, आधी लाल बाहेर, नंतर काळा. बटण बंद असले तरी भोकांत वीज नाही असे समजायचे नाही, कारण ते बटण चुकून न्यूट्रलच्या तारेत बसवलेले असू शकते. दोन्ही प्रोब एकाच हातात धरण्याची सवय झालेले वायरमन दुसरा हात खिशात ठेवतात. छातीतून प्रवाह जाण्याचा मार्ग त्यामुळे टळतो. नवख्याने मात्र ही एका हाताची कसरत काळ्या वायरीला चिमटा लावता येईल अशा जागीच करावी.

सॉकेटची भोके पिनांच्या मानाने केलेली असतात. सहा अँपिअरच्या पिनेची जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास, प्रोबचे टोक त्याच्या निम्मे. त्यामुळे प्रोब सरळ आत गेला तरी आतल्या पितळी पट्टीला टेकेलच असे नाही. थोडा तिरका दाबून आकडा स्थिर झाला की वाचावा. नव्या सॉकेटमध्ये आतून झडप असते आणि अर्थिंगची पिन गेल्याशिवाय खालची भोके उघडत नाहीत. तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून झडप उघडण्याची रीत आहे. ती वाईट आहे. त्याऐवजी झडप नसलेला, तीन पिनांचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्याच्या भोकांत मोजावे.

तीन जोड्या

एका सॉकेटवर तीन वाचने घ्यायची: फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थिंग, न्यूट्रल आणि अर्थिंग. पहिले दोन आकडे २३० च्या जवळपास आणि एकमेकांच्या आसपास, तिसरा एक-दोन व्होल्ट, असे असेल तर त्या सॉकेटबद्दल फारशी काळजी नाही. यापैकी एकच जोडी मोजून थांबणे म्हणजे निम्मी तपासणी.

फेज-न्यूट्रल शून्य, फेज-अर्थिंग २३०, न्यूट्रल-अर्थिंगही २३०: न्यूट्रल तुटला आहे, वर सांगितलेली ‘दोन्ही भोकांत टेस्टर’ची अवस्था हीच. फेज-न्यूट्रल २३०, पण फेज-अर्थिंग शून्य आणि न्यूट्रल-अर्थिंग २३०: फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झाले आहेत. पंखा, दिवा, टीव्ही सगळे तरीही चालतात, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. धोका असा की बटण बंद केल्यावरही उपकरणात वीज राहते. फेज-न्यूट्रल बरोबर, मात्र अर्थिंगच्या दोन्ही जोड्यांत ४०, ७०, ११० असे तरंगते आकडे: अर्थिंगची तार कुठेच जोडलेली नाही. शेजारून जाणाऱ्या फेजच्या तारेमुळे मोकळ्या तारेवर असा दाब उमटतो, आणि डिजिटल मीटर स्वतः जवळपास काहीच प्रवाह घेत नसल्याने तो दाखवतो. वायरमन त्याला खोटे व्होल्टेज म्हणतात. तरी ते खोटे ठरेपर्यंत त्या तारेला चालूच समजावे.

सर्वांत फसवे वाचन मात्र नीटनेटके दिसणारे आहे. जुन्या घरात अर्थिंगची तार ओढण्याचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्याने जोडून टाकतात. मग फेज-अर्थिंग २३० येते, न्यूट्रल-अर्थिंग अगदी ०.० येते आणि सगळे आदर्श वाटते. ज्या दिवशी मागे न्यूट्रल सुटेल त्या दिवशी त्या सॉकेटला लावलेल्या फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे, कूलरचे अंग थेट फेजवर येते. ओळखण्याची खूण अशी: त्याच सॉकेटवर इस्त्री चालू असताना न्यूट्रल-अर्थिंगचा आकडा थोडा तरी चढायला हवा, कारण न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो आणि अर्थिंगमधून नाही. मेन बोर्डापासून लांबच्या सॉकेटवर, इस्त्री तापत असतानाही तो ०.० वर खिळून असेल तर वायरमनला सॉकेट उघडून पाहायला सांगावे.

फेज-अर्थिंग २३० आले म्हणजे अर्थिंग उत्तम, असेही नाही. मीटर इतका नगण्य प्रवाह घेतो की शेकडो ओहमच्या निकृष्ट अर्थिंगवरही तो पूर्ण आकडा दाखवतो. अर्थिंगचा रोध मोजायला वेगळे यंत्र लागते, मल्टिमीटरने ते होत नाही. धुळ्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सळईपासून सुटते. म्हणून त्या महिन्यांत खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतण्याची जुनी रीत योग्यच आहे.

भार देऊन

रिकाम्या सॉकेटवर २३५ दिसणारे व्होल्टेज इस्त्री लावताच २१० वर येत असेल तर खरी माहिती त्या २५ व्होल्टच्या घसरणीत आहे. एक्स्टेन्शन बोर्डाच्या एका भोकात १००० वॅटची इस्त्री लावून दुसऱ्यात मोजावे. इस्त्री सुमारे ४.३ अँपिअर घेते. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर बोर्डापासून २० मीटर लांब असली तरी जाण्या-येण्याचा रोध एक तृतीयांश ओहमच्या आत असतो आणि घसरण दीड व्होल्टच्या आसपास. दोन-तीन व्होल्टपर्यंतची घसरण सोडून द्यावी. त्याहून बरीच जास्त आली, तर मोजणी मेन बोर्डाजवळच्या सॉकेटवर पुन्हा करावी. तिथेही तेवढीच घसरण असेल तर दोष बाहेरच्या पुरवठ्यात; तिथे नसेल आणि आतल्या खोलीत असेल तर घरातल्या एखाद्या जोडात.

सैल जोड किती तापतो याचा हिशेब सोपा आहे. जोडाचा रोध एक ओहम आणि २००० वॅटच्या गिझरचे जवळपास ९ अँपिअर. ९ व्होल्ट तिथे पडले आणि ९ गुणिले ९ म्हणजे ८१ वॅटची उष्णता बोर्डामागच्या त्या एका टोकावर तयार झाली. २५ वॅटची तीन सोल्डरिंग आयर्न एका लाकडी पेटीत चालू ठेवल्यासारखेच ते आहे. काळवंडलेले सॉकेट, जळकट वास, बटण दाबल्यावर चरचर यांच्या आधी ही घसरण मीटरवर दिसते. व्होल्टेज मोजण्याचा सर्वांत मोठा घरगुती उपयोग हाच.

वीज नाही, याची खात्री

पंखा काढण्यापूर्वी किंवा होल्डर बदलण्यापूर्वी मीटर लावून शून्य पाहणे पुरेसे नाही. आधी तोच मीटर, त्याच डायलवर, ज्या सॉकेटमध्ये वीज नक्की आहे तिथे लावून २३० पाहावेत. मग बंद केलेल्या जागी तिन्ही जोड्या मोजाव्यात. मग पुन्हा त्या चालू सॉकेटवर जाऊन २३० अजून दिसतात का ते पाहावे. मधल्या वेळेत वायर तुटली, बॅटरी उतरली, डायल सरकला तर ते या तिसऱ्या पायरीला पकडले जाते. कंटाळवाणे आहे, पण यात सूट नाही.

ज्या घरात इन्व्हर्टर आहे तिथे मेन स्विच पाडला की इन्व्हर्टर लाइट गेली असे समजून स्वतः २३० व्होल्ट देऊ लागतो. पंखे आणि दिवे बहुधा त्याच्याच सर्किटवर असतात. मेन बंद करून स्टुलावर चढलेल्या माणसाला असे शॉक बसतात. आधी इन्व्हर्टर बंद, मग मेन, मग मोजणी. इन्व्हर्टरवर चालू असताना मीटर २०० किंवा २६० असे विचित्र आकडे दाखवत असेल तर घाबरू नये. साध्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते आणि साधा मीटर गोलसर लाट गृहीत धरून आकडा काढतो. ‘ट्रू आरएमएस’ लिहिलेला मीटर तिथे बरोबर वाचतो.

कूलरचे अंग

खानदेशातल्या उन्हाळ्याचा हा वेगळाच धोका. पत्र्याचा कूलर, आत पाण्याचा पंप, खाली ओली फरशी, आणि अनेकदा दोनच पिनांचा प्लग. दोन पिनांचा प्लग लावला की पत्र्याला अर्थिंग उरत नाही; पंपाची वायर चिरली की सगळा कूलर फेजवर येतो. धातूच्या कूलरला दोन पिनांचा प्लग लावूच नये.

तपासायचे असेल तर आधी जवळच्या सॉकेटवर फेज-अर्थिंग २३० येते याची खात्री करावी, म्हणजे ती अर्थिंग निदान जोडलेली आहे एवढे कळते. मग कूलर चालू असताना, पत्र्याला हात न लावता, एक प्रोब रंग नसलेल्या स्क्रूवर आणि दुसरा त्या अर्थिंगवर ठेवावा. दोन-चार व्होल्टच्या आत आकडा असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर बटण बंद करून प्लग काढावा आणि कूलर दुरुस्त होईपर्यंत लावू नये. ‘थोडी झिणझिण येते’ म्हणून वर्षभर वापरलेला कूलर कोणत्या दिवशी पूर्ण झटका देईल हे सांगता येत नाही. पाणी भरताना प्लग काढलेलाच असावा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला असेल तर गळती तेवढी झाली की तो पडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. त्याच्या खर्चाची तुलना मीटरशी करू नये. मीटर धोका दाखवतो, आरसीसीबी तोडतो.

आकडा भलताच आला तर

अचानक काही दिवे डोळे दिपावेत इतके प्रखर आणि शेजाऱ्याकडे मात्र मंद, असे झाले तर गल्लीतला न्यूट्रल तुटला असण्याची दाट शक्यता आहे. मग दोन फेजवरची दोन घरे ४०० व्होल्टच्या मध्ये एकापुढे एक जोडली जातात आणि दाब भारानुसार वाटला जातो. एका घरात २००० वॅट आणि दुसऱ्यात ५०० वॅटची उपकरणे चालू असतील, तिसऱ्या फेजवर भार नसेल, तर पहिल्या घरात सुमारे ८० व्होल्ट आणि दुसऱ्यात सुमारे ३२० येतात. कमी वापर करणाऱ्याचाच टीव्ही आणि फ्रिज आधी जळतो. अशा वेळी मोजत बसू नये. मेन स्विच पाडावा आणि शेजाऱ्यांनाही सांगावे. २६० च्या वर टिकून राहिलेला कोणताही आकडा हे मेन बंद करण्याचे कारण आहे. अतिदाब आणि अल्पदाबाला आपोआप तोडणारे उपकरण बोर्डात बसवून घेतले तर हे मध्यरात्रीही होते.

कायमचे कमी व्होल्टेज ही वेगळी तक्रार. तीन-चार दिवस सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी सातनंतर आणि रात्री उशिरा मेन बोर्डाजवळच्या सॉकेटवर फेज-न्यूट्रल मोजून तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. त्या वेळी घरात काय चालू होते हेही लिहावे. २१६ च्या खालचे आकडे ठरावीक वेळेलाच येत असतील तर डीपीवरचा भार, नेहमीच येत असतील तर लाइनची लांबी किंवा खांबावरचा सैल जोड असा तर्क करता येतो. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर ग्राहक क्रमांकासह तक्रार नोंदवताना अशी नोंद हाताशी असली की ‘लाइट डिम आहे’पेक्षा तिचे वजन जास्त पडते.

मीटरने कुठे जाऊ नये हेही ठरलेले आहे. वीज मीटरचे टर्मिनल आणि त्यापूर्वीची सर्व्हिस वायर महावितरणची. तिथले सील तोडणे हा विद्युत कायदा २००३ नुसार गुन्हा आहे, आणि तिथे घरातला कोणताही फ्यूज वाचवायला नसतो. छतावरच्या सौर पॅनलची डीसी वायर, मायक्रोवेव्हचे उघडलेले अंग, डीपी आणि खांब ही ठिकाणे घरगुती मल्टिमीटरची नाहीत. मुख्य बोर्डाचे झाकण काढून आत मोजणे परवानाधारक वायरमनचे काम आहे.

एवढी काळजी घेऊनही कोणाला शॉक बसून तो चिकटून राहिला, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन पाडावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला तारेपासून सोडवावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. शॉकनंतर माणूस उठून बोलू लागला तरी त्याला दवाखान्यात न्यावे, कारण हृदयाच्या ठोक्यांतला बिघाड काही तासांनीही उद्भवू शकतो.